जाळरेषेवरची जीप

शनिवारी टिलामूकच्या रानात गाडी घालायची असेल तर गुरुवारी रात्री पहिली चौकशी आगीची करतात. गाडीचं नंतर. ओरेगन राज्याच्या वनखात्यानं वणव्याचा हंगाम जाहीर केलाय का, केला असेल तर या आठवड्यात निर्बंध किती कडक आहेत, वाटा उघड्या आहेत की बंद, एवढं कळल्याशिवाय डब्यात काय न्यायचं याचीसुद्धा चर्चा सुरू होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये रान वाळलं की कच्च्या वाटांवर बंधनं येतात. गाडीत पाणी किंवा अग्निशामक, शिवाय फावडं ठेवावं लागतं. शेकोटी नेमून दिलेल्या जागी पेटवता आली तर आली. दिवस फारच वाईट असले तर वाटाच बंद होतात. मग महिनाभर आधी टाकलेली रजा, आणून ठेवलेलं सामान, मुलांना दिलेला शब्द, सगळं गुंडाळून ठेवायचं. त्यावर वाद घालणारा माणूस तिथं मला कुणी भेटला नाही.

पोर्टलंड शहराच्या पश्चिमेला हिल्सबरो म्हणून गाव आहे. इंटेलचे मोठाले कारखाने तिथं असल्यानं भारतीय अभियंत्यांची वस्ती भरपूर, आणि तीत पुण्या-सांगलीची, नाशिक-नागपूरची मराठी घरंही. गावापासून तासाभराच्या आत सहा नंबरचा राज्य महामार्ग कोस्ट रेंज नावाच्या डोंगररांगेत शिरतो आणि विल्सन नदीच्या काठाकाठानं टिलामूक गावापर्यंत, समुद्राकडे उतरतो. वाटेत दोन्ही अंगांना जे रान दिसतं ते टिलामूक राज्य वन. सुमारे 3,64,000 एकर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या चौदापट. पाऊस वर्षाला काही भागांत शंभर इंचांवर. महाबळेश्वरच्या निम्माच म्हणा, पण तो हिवाळ्यात महिनोन्महिने झिरपत राहतो, त्यामुळे झाडांच्या खोडांवर शेवाळ आणि खाली कमरेएवढे नेचे.

या रानात गाडी घालायला कायद्यानं परवानगी आहे. दाखवून दिलेल्या वाटांवर, ठरलेल्या वर्गाच्या गाडीला, परवान्याचा स्टिकर लावून. इथल्या मराठी मित्रमंडळींबरोबर अशी एक शनिवार-रविवारची सफर ठरताना आणि पार पडताना मी पाहिली. मला सगळ्यात जास्त रस वाटला तो ठरवण्यात. गाडी दगडावर चढते तो क्षण फोटोत छान दिसतो, पण त्या क्षणाचं बरंवाईट आधीच, कुणाच्या तरी गॅरेजमध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसून ठरलेलं असतं.

आगीची चौकशी आधी का, हे समजायला 1933 च्या ऑगस्टमध्ये जावं लागतं.

त्या वर्षी 14 ऑगस्टला गेल्स क्रीक नावाच्या ओढ्याच्या खोऱ्यात लाकूडतोड चालू होती. हवा कोरडी, पारा चढलेला. ओढून नेलेला ओंडका वाळक्या लाकडावर घासला आणि ठिणगी पडली, असं तिथं सांगतात. पहिल्या दहा दिवसांत चाळीसेक हजार एकर रान जळालं. ते तरी माणसांच्या आवाक्यातलं होतं. मग 24 तारखेला पूर्वेकडून, आतल्या कोरड्या प्रदेशातून वारा सुटला. त्यानंतरच्या वीसेक तासांत आणखी जवळजवळ दोन लाख एकर गेलं. शेकडो वर्षांचे डग्लस फर वृक्ष, ज्यांच्या बुंध्याला चार माणसांची कव पुरत नाही, ते जळाले. समुद्रात दूरवर असलेल्या जहाजांच्या डेकवर राख पडल्याच्या नोंदी आहेत. 5 सप्टेंबरला पाऊस आला, तेव्हा आग विझली. माणसांनी ती विझवली असं कुणी म्हणत नाही.

मग 1939 मध्ये पुन्हा. 1945 मध्ये पुन्हा. 1951 मध्ये पुन्हा. दर सहा वर्षांनी. लोक याला शापच म्हणू लागले, पण कारण साधं होतं. आधीच्या वणव्यातली मेलेली, वाळलेली झाडं लाखोंनी उभी होती आणि पुढच्या ठिणगीला तेवढं पुरे होतं. चार वणव्यांत मिळून 3,55,000 एकर रान जळालं. ज्या लाकूड कंपन्यांची ही जमीन होती त्यांतल्या अनेकांनी जळकं लाकूड जेवढं विकता आलं तेवढं विकलं आणि पुढे कर भरणं सोडून दिलं. कराच्या थकबाकीपोटी जमीन जिल्ह्यांच्या, म्हणजे तिथल्या काउंट्यांच्या, गळ्यात पडली. काउंट्यांना ती सांभाळणं झेपेना. त्यांनी ती राज्याकडे दिली, एका अटीवर: पुढं कधी रान उभं राहिलं आणि लाकूड विकलं गेलं तर त्यातला मोठा वाटा आमचा. ही अट लक्षात ठेवा, तिचं पुढं काम आहे.

1948 मध्ये ओरेगनच्या मतदारांपुढे प्रश्न आला. एवढं जळकं रान पुन्हा लावायला राज्यानं कर्जरोखे काढायचे का? अगदी थोड्या मतांनी होकार आला. 1949 पासून लागवड सुरू झाली. मेलेली झाडं पाडून, पुढची आग अडावी म्हणून डोंगराच्या सोंडांवरून रुंद पट्टे मोकळे केले. आपलं वनखातं ज्यांना जाळरेषा म्हणतं त्या. हेलिकॉप्टरमधून बी टाकलं. आणि हातानं रोपं लावली, थोडीथोडकी नव्हे, 7 कोटी 20 लाख. मजूर होते, 1951 मध्ये रानातच उभारलेल्या साउथ फोर्क छावणीतले कैदी होते, आणि पोर्टलंडच्या शाळांतली मुलं होती. बस भरभरून मुलं यायची, कुदळीनं खाच पाडायची, रोप खोवायची, टाचेनं माती दाबायची. 1973 मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी या जमिनीला राज्य वनाचा दर्जा दिल्याचं जाहीर केलं. जळकं माळरान अधिकृतपणे पुन्हा रान झालं.

आज सहा नंबरच्या रस्त्यावरून ते रान बघताना पहिल्यांदा काही खटकत नाही. मग लक्षात येतं की झाडं सगळी एका उंचीची आहेत. शाळेत प्रार्थनेला एकाच इयत्तेची रांग उभी असावी तशी. मधे कुठं आजोबा-पणजोबा झाड नाही. आणखी एक गोष्ट डोळ्याला दिसत नाही, पण वनशास्त्रज्ञ सांगतात. घाईच्या त्या लागवडीत लांबच्या भागातलं बीही वापरलं गेलं, आणि स्विस नीडल कास्ट या बुरशीजन्य रोगानं समुद्राजवळचे डग्लस फर 1990 च्या दशकापासून हैराण आहेत, त्यामागं हेही एक कारण धरतात.

जीप चालवणाऱ्यांच्या नकाशावर 'फायरब्रेक वन', 'फायरब्रेक फाइव्ह' अशी नावं दिसतात ती या इतिहासातून आली आहेत. आग अडवायला काढलेल्या पट्ट्यांवर आणि लाकूड ओढून न्यायच्या जुन्या रस्त्यांवर पुढे मोटारसायकली गेल्या, जीपा गेल्या. जळकं रान म्हटल्यावर त्या काळी कुणी अडवलंही नसावं. नंतर वनखात्यानं त्याला शिस्त लावली. काही वाटा बंद केल्या, काही डागडुजी करून ठेवल्या, ओढ्यांवर पूल टाकले, कुठली वाट कुणासाठी ते ठरवलं. महामार्गाच्या दक्षिणेचा भाग मुख्यतः इंजिनवाल्यांना, उत्तरेचा पायी चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना, घोडेवाल्यांना. ब्राउन्स कॅम्प, डायमंड मिल आणि जॉर्डन क्रीक हे गाड्यांचे तीन मुख्य विभाग. चारचाकी जीपवाल्यांची पसंती ब्राउन्स कॅम्पला.

*

आता गॅरेज.

बैठकीत सगळ्यात जुना जीपवाला मूळचा सांगलीचा. वयानं फार मोठा नाही, पण सगळे त्याला दादाच म्हणतात. त्याच्याकडे रँग्लर रुबिकॉन. पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलना लॉक, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसऱ्याला ताकद मिळत राहते. आणि खालचा गिअर इतका बारका की पायी चालणारा माणूस पुढं निघून जाईल. दुसरी गाडी साधी, चार दारांची, उंची थोडी वाढवलेली रँग्लर. तिसरा टोयोटाचा पिकअप. चौथं जोडपं नवीन, त्यांच्याकडे सुबारू. पोर्टलंडकडे ही गाडी घरोघर दिसते. चारही चाकांना ताकद जाते म्हणून तिच्या मालकांना वाटतं आपणही जाऊ.

"सुबारू खडीच्या वनरस्त्यावरनं कॅम्पपर्यंत मजेत येईल," दादा म्हणाला. "तिथनं पुढं तुम्ही दोघं आमच्या गाडीत."

नवा मुलगा जरा हिरमुसला. त्याची बायको मात्र लगेच म्हणाली, "बरं झालं दादा, हप्ते अजून चालू आहेत."

हा निर्णय सहज घेतल्यासारखा वाटला तरी सफरीचा कणा तोच होता. वाट निवडायची ती गटातल्या सगळ्यात लेच्यापेच्या गाडीला आणि सगळ्यात नवख्या चालकाला झेपेल अशी. नवशिक्या गटांचं नेमकं उलटं होतं. सगळ्यात दणकट गाडीवाला वाट ठरवतो आणि बाकीचे मान राखायला मागून येतात. फायरब्रेक फाइव्ह ही ब्राउन्स कॅम्पची नावाजलेली अवघड वाट. मोठाले धोंडे, खोल चर, उभे चढ. दादाची गाडी तिथं जाते. या खेपेला जाणार नव्हती.

गाडी झेपेल की नाही हे तिच्या ताकदीपेक्षा तिच्या आकारावर ठरतं. पुढच्या चाकापासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत किती कोन मोकळा आहे, त्यावर ती धोंड्याला नाक घासते की नाही ते ठरतं. मागचा कोन उतरताना लागतो. आणि दोन चाकांच्या मधलं पोट किती वर आहे, त्यावर ती उंचवट्यावर टेकून झुलत राहते की पार होते. लांबलचक गाडीचं पोट आधी टेकतं. म्हणून जुन्या दोन दारांच्या आखूड जीपांना इथं अजून मान आहे.

परवान्याचं प्रकरण सुटसुटीत आहे. ओरेगनमध्ये रानवाटेवर चालणाऱ्या वाहनांचे चार वर्ग केलेत. चारचाकी क्वाड पहिल्या वर्गात, जीप-पिकअप दुसऱ्या, मोटारसायकली तिसऱ्या, आणि शेजारी-शेजारी बसायच्या छोट्या उघड्या गाड्या चौथ्या. तुमची जीप रस्त्यावर चालवायला रीतसर नोंदलेली असली तरी या वाटांवर न्यायची तर दुसऱ्या वर्गाचा स्टिकर वेगळा लागतो. लोक कुरकुरत नाहीत, कारण स्टिकरचा पैसा आणि रानवाटांवर जळणाऱ्या पेट्रोलवरच्या कराचा काही भाग अनुदानाच्या रूपानं या वाटांच्याच देखभालीला परत येतो. कुठला पूल कशातून झाला ते त्यांना दिसतं. आपल्याकडे टोल भरताना जी भावना मनात येते ती इथं आढळली नाही.

फोन चालत नाही. सहा नंबरच्या रस्त्यावर मोठा पल्ला असा आहे की मोबाइलला रेंजच नाही, आणि रानात तर नाहीच. त्यामुळे वनखात्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायचा, शिवाय कागदी प्रत गाडीत. नकाशावर प्रत्येक वाटेची अवघडाई आणि तिथं कुठल्या वर्गाला मुभा ते लिहिलेलं असतं. गाड्यांनी एकमेकांशी बोलायला जीएमआरएस जातीचे वॉकीटॉकी. त्याचा परवाना परीक्षा न देता मिळतो, दहा वर्षांचा, आणि एकात सगळं कुटुंब येतं. घरी कुणातरी एकाला लिहून द्यायचं: कुठली वाट, कुठं मुक्काम, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला कळवायचं. हे काम एका आजीकडे होतं, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी वेळ वहीत लिहून घेतली आणि विचारलं, "रविवारी चार म्हणजे चारच ना? की तुमचे चार?"

सामानाच्या यादीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो अडकलेली गाडी ओढून काढायच्या साहित्यावर, आणि तो जायलाच हवा होता. या छंदात ओढाओढीतही माणसं मरतात. दोन तऱ्हेचे दोर असतात. एक ताणला जाणारा, झटका देऊन गाडी उपसायचा; दुसरा न ताणणारा, विंचनं सावकाश ओढायचा. यांची अदलाबदल करायची नाही. दोर अडकवायचा तो गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या कडीला. मागच्या बाजूला ट्रेलर जोडायचा जो लोखंडी गोळा असतो, त्याला कधीही नाही. झटक्यासरशी तो गोळा तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटल्याच्या आणि काच फोडून आत बसलेल्याला लागल्याच्या घटना झालेल्या आहेत. ओढताना दोराच्या लांबीच्या टापूत कुणी उभं राहायचं नाही, आणि मुलं तर आधीच लांब नेऊन बसवायची. झाडाला दोर बांधायची वेळ आली तर साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा वापरायचा.

दादानं प्रत्येकाच्या गाडीखाली वाकून कडी बघितली. पिकअपवाल्याची मागची कडी त्याला पसंत पडली नाही. शुक्रवारी संध्याकाळी नवी बसली.

खाण्याची यादी वहिनींनी एका वाक्यात संपवली: सांडेल असं काही नको. थालीपिठं, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, केळी. रात्री तंबूवर खिचडी. गाडी ज्या तऱ्हेनं हलते त्यात रस्साभाजीचा डबा नेणाऱ्याला पुढे आठवडाभर सीट धुवावी लागते. माणशी चार लिटर पाणी, मुलांसाठी मळमळीची गोळी, कचऱ्याच्या जाड पिशव्या.

आणि वेळ. डांबरी रस्त्याची सवय असलेला माणूस इथं हमखास चुकतो. नकाशावर दहा मैल बघून त्याला वाटतं, अर्धा तास. अवघड वाटेवर ताशी दोन-तीन मैल गेलात तरी चांगलं चाललंय म्हणायचं. एक गाडी अडकली की तास गेला. म्हणून दिवसाचा बेत दोन वाटांचा, तिसरी जमली तर. दुपारी दोनला जिथं असू तिथून परतीचं तोंड. "आधी परतायचं ठरवा, मग जायचं," हे दादाचं एकच वाक्य मी वहीत तसंच्या तसं लिहून घेतलं.

*

शनिवार सकाळ. सप्टेंबर संपत आलेला, आठवड्यात दोनदा पाऊस झालेला, निर्बंध उठलेले. धूळ बसलेली आणि चिखल अजून व्हायचा, अशी ही वर्षातली बारीकशी फट. ओरेगनचे जीपवाले तिची वाट बघत असतात.

डांबर संपलं तिथं सगळ्यांनी उतरून चाकांतली हवा काढली. पस्तीस पौंडांवरून अठरा-वीसवर. नवख्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण रानवाटेची निम्मी विद्या यात आहे. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांब पसरतो, दगडाला कवेत घेतो, घसरत नाही. आतल्या माणसांचे मणके वाचतात. आणि चाक जागच्या जागी गरगरत नाही, त्यामुळे वाट उकरली जात नाही. यापेक्षा फार कमी केली तर टायर रिममधून सुटतो. परत डांबरावर यायच्या आधी कॉम्प्रेसरनं भरायची. मऊ टायरवर साठच्या वेगानं जाणं म्हणजे तो तापवून फोडणं.

पहिली वाट सीडर ट्री. झाडी दाट, वळणं चिंचोळी, मुळं आडवी. तिसऱ्या वळणावर पाण्यानं भरलेला खड्डा आला आणि टोयोटावाल्यानं तो टाळायला स्टिअरिंग डावीकडे घेतलं. रेडिओवर लगेच आवाज: "मधनं घ्या. कडेनं नको." कडेनं गेलं की वाट एक फूट रुंद होते. पुढचा आणखी कडेनं जातो. चार हंगामांत एका खड्ड्याभोवती अंगण तयार होतं, नेचे चिरडले जातात, माती सुटते आणि पहिल्या पावसात ओढ्यात उतरते. या ओढ्यांचं पाणी विल्सनसारख्या नद्यांना मिळतं आणि तिथं समुद्रातून वर येणारे कोहो आणि चिनूक सामन मासे खडीत अंडी घालतात. गाळ बसला की खडीतलं पाणी खेळत नाही आणि अंडी गुदमरतात. खड्डा खरंच खोल असेल तर उतरून काठीनं बघायचं, आणि जमत नसेल तर गाडी मागं फिरवायची. कडेनं जायचा पर्याय नाही. एरवी धुळवडीची मजा म्हणून चिखल उडवणारे लोक या रानात मला दिसले नाहीत असं नाही, दिसले. त्यांच्या गाडीवरही स्टिकर होता.

वळणावर मागची गाडी दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं, हा नियम फार उपयोगी. प्रत्येकजण फक्त आपल्या मागच्याला सांभाळतो आणि अख्खा ताफा सांभाळला जातो. चढावर अडचणीच्या जागी एकजण खाली उतरून हातानं खुणा करतो. चालकानं तेवढ्या वेळापुरतं स्वतःचं डोकं बाजूला ठेवून त्या हातांवर विश्वास टाकायचा. इथं नवरा-बायकोंची परीक्षा होते असं सगळे हसून सांगतात. मी पाहिलेल्या एका चढावर वहिनी खाली होत्या आणि दादा आत. त्यांनी मूठ वर केली की गाडी जागेवर. एक शब्द नाही.

रॉजर्स कॅम्पजवळ युनिव्हर्सिटी फॉल्स नावाचा धबधबा आहे. तिथं जाणारी पायवाट गाड्यांच्या वाटांना छेदून जाते. चालणारी माणसं दिसली की इंजिन मंद करायचं, जागा द्यायची, हात करायचा. एका म्हातारीनं हात केला नाही, कपाळाला आठी घालून ती गाड्या जाईपर्यंत उभी राहिली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रानात शांतता शोधायला आलेल्या माणसाला चार इंजिनांची रांग आवडावी अशी अपेक्षाच गैर आहे. दोघांनाही जागा द्यायची तर रानाची वाटणी करावी लागते, आणि वाटणीत दोघंही थोडे नाराज राहतात.

तिसरा वाटेकरी लाकूड. हे राष्ट्रीय उद्यान नाही. इथं झाडं लावली तीच पुढं कापायला. काउंट्यांनी घातलेली ती अट अजून चालू आहे. लाकडाच्या उत्पन्नातला सुमारे दोन-तृतीयांश वाटा त्यांच्याकडे जातो आणि त्यातून शाळा, पोलीस, वाचनालयं चालतात. राज्य पुरेशी तोड करत नाही, पक्ष्यांचा नि माशांचा फार विचार करतं, म्हणून काउंट्यांनी राज्यावर दावा लावला. 2019 मध्ये ज्युरीनं त्यांना एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई देववली, 2022 मध्ये अपील न्यायालयानं तो निकाल फिरवला. जीपवाल्यांना याचा अर्थ इतकाच की गेल्या वर्षीची सावलीची वाट यंदा उघड्या उतारावरून जाते आणि ओंडक्यांचे ट्रक वळणावर अचानक समोर येतात. त्यांना बाजू द्यायची. भरलेल्या ट्रकला थांबता येत नाही.

दोनला दुसरी वाट अर्धी झाली होती. उरलेली अर्धी जास्त चांगली आहे असं सगळ्यांना ठाऊक होतं. गाड्या वळवल्या.

रविवारी सकाळी टिलामूक फॉरेस्ट सेंटर. 2006 मध्ये वनखात्यानं महामार्गाच्या कडेला उभं केलेलं हे छोटं संग्रहालय मुलांना जीपइतकंच आवडलं, कारण तिथं वणव्यावर नजर ठेवायचा उंच मनोरा आहे आणि त्यावर चढता येतं. मग टिलामूक गावात दूध सहकारी संघाच्या कारखान्यात चीज आणि आइस्क्रीम. हा संघ 1909 पासूनचा, शेतकऱ्यांच्या मालकीचा; वारणा-गोकुळच्या भागातून आलेल्या दादाला त्याचं फार कौतुक. आजींना निरोप साडेतीनला गेला.

*

हे सगळं महाराष्ट्रातल्या दिवाळी अंकात कशासाठी, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर आपल्या पार्किंगमध्ये उभं आहे. महिंद्रानं 1947 मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. त्याच घराण्याची रॉक्सर नावाची रानगाडी कंपनीनं 2018 मध्ये थेट अमेरिकेत, मिशिगनमध्ये जुळवून विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालकांनी आमचं रूप चोरलं म्हणून तक्रार केली आणि महिंद्राला समोरचा चेहरा बदलावा लागला. इकडे 2020 ची नवी थार आली, आणि ज्यांनी आयुष्यात डांबर सोडलं नव्हतं अशा हजारो लोकांच्या हाती लो गिअरची गाडी पडली. गाडी मिळाली, जायला जागा मिळाली नाही. मग ती निघाली सड्यांवर.

सह्याद्रीचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची ती उघडी पठारं, लांबून ओसाड दिसतात. कातळावर काही बोटं माती. तीवर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. यातल्या काही वनस्पती जगात दुसरीकडे नाहीत. कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं ते यासाठीच. तिथल्या मातीवरून एकदा टायर फिरला की चाकोरीत पाणी धरतं, बाजूचं वाहून जातं, आणि पुढच्या पावसात त्या पट्ट्यात दुसरंच काहीतरी उगवतं. टिलामूकचं रान माणसानं लावलेलं आहे, पुन्हा लावता येईल. सडा लावता येत नाही. आणि कायदाही मोघम नाही. राखीव वनात विनापरवाना शिरणं भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंदी आहे. आपल्याकडे वनखात्यानं जीपवाल्यांसाठी राखून ठेवलेली, नकाशा छापलेली, स्टिकरच्या पैशातून सांभाळलेली टिलामूकसारखी सोय नाही.

ती मागायला हरकत नाही. बंद पडलेल्या दगडखाणी, पडीक खासगी माळ, कारखान्यांच्या ओसाड जमिनी महाराष्ट्रात कमी नाहीत. थारवाल्यांच्या क्लबांनी वर्गणी काढून, मालकाशी लेखी करार करून, तिथं वाटा आखायला काय अडचण आहे? फी लावा, वर्ग ठरवा, पावसाळ्यात बंद ठेवा. तोवर थार घेतलेल्या वाचकांना एवढीच विनंती की गावच्या माणसाच्या परवानगीनं त्याच्या बांधावरून जा, नांगरटीच्या ढेकळांत खुशाल चाक रुतवा, हवा काढायला आणि दोर बांधायला शिका; पण सड्यावर गाडी चढवू नका, आणि जून ते ऑक्टोबर तर अजिबातच नको.